किनाऱ्यावरचे दुकान आणि कपाटातला कागद

गणेश चतुर्थीची पूजा झाली की मूर्ती डोक्यावर घेऊन, झाकरीचा ठेका धरून आपण समुद्रावर उतरतो. पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक-आं-फ्लाकला जे कधी गेले असतील त्यांच्या डोळ्यांपुढे ते चित्र लगेच येईल. एका बाजूला फिलाओची झाडे आणि सर्वांसाठी खुली असलेली वाळू, मधून जाणारा किनारा रस्ता, आणि पलीकडे दुकानांची, उपाहारगृहांची, औषधालयांची, भाड्याच्या सदनिकांची लांब रांग. समुद्राकडे तोंड करून आपण आरती म्हणतो. पाठीमागे ती रांग उभी असते.

या स्मरणिकेच्या निमित्ताने एकदा मागे वळून त्या रांगेकडे पाहावे, असे आम्हांला वाटले. त्या दुकानांत आपली मुले-मुली काम करतात. काहींनी तिथे गाळा भाड्याने घेतला आहे. पण त्या जमिनीचा कागद किती जणांच्या कपाटात आहे? वर कास्कावेल, बांबू, वाक्वा या भागांत आपली पिढ्यान् पिढ्या वस्ती. समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर. मग किनाऱ्याची जमीन सोन्याची होत होती तेव्हा आपण कुठे होतो, आणि आज कर्ज काढून तिथे शिरताना आपण काय विसरतो आहोत? हा इतिहास दगडी इमारतींचा वा मोठ्या पुरुषांचा नाही. तो कागदाचा, हप्त्याचा आणि व्याजाचा आहे. पण आपल्या घरांचे बरेवाईट त्यानेच ठरवले.

खोताच्या गावाहून मालकाच्या कोठीवर

आपले बहुतेक पूर्वज मुंबई बंदरातून निघाले आणि त्यांतले पुष्कळ कोकणातले होते. समुद्र त्यांना नवा नव्हता. नवी नव्हती ती दुसरी एक गोष्टही, दुसऱ्याच्या कागदावर राबणे. रत्नागिरीकडे तेव्हा खोती होती. जमीन कसणारा कुळवाडी. सरकारात वसूल भरणारा आणि कुळाकडून त्याहून जास्त घेणारा खोत. वर्षानुवर्षे एकच वाफा कसूनही कुळाच्या हाती दाखवायला काही नसे. ही पद्धत मुंबई राज्यात कायद्याने बंद झाली ती 1949 मध्ये. तोवर आपली माणसे येथे येऊन शतक उलटत आले होते.

येथे आल्यावर करार मिळाला. 1834 पासून 1910 पर्यंत साडेचार लाखांहून अधिक मजूर हिंदुस्थानातून या बेटावर उतरले. मजुरी महिन्याला पाच रुपयांच्या आसपास आणि शिधा. एक दिवस कामावर आले नाही तर दोन दिवसांची मजुरी कापायची, ही ती कुप्रसिद्ध दुहेरी कपात. करार संपला तरी सुटका नव्हती. 1867 च्या मजूर कायद्याने जुन्या गिरमिट्यांनाही छायाचित्र लावलेला पास जवळ बाळगणे भाग पडले. नसेल तर फिरस्ता म्हणून पकडत. या छळाविरुद्ध 1871 मध्ये आदोल्फ दे प्लेवित्झ यांच्या पुढाकाराने नऊ हजारांहून अधिक जुन्या गिरमिट्यांचा अर्ज गेला आणि पुढच्या वर्षी शाही चौकशी आयोग बसला.

म्हणजे आपल्या पूर्वजांच्या हाती या देशात पहिल्यांदा जो कागद आला, तो ते काय आहेत हे सांगणारा होता. त्यावर त्यांचा आकडा होता. त्यांचे काय आहे, हे सांगणारा कागद मिळायला अजून वेळ होता.

हप्त्याने घेतलेली पहिली जमीन

तो वेळ साखरेच्या संकटाने आणला. युरोपातल्या बीटच्या साखरेने भाव पाडले, 1866 ते 1868 च्या हिवतापाने माणसे मेली, 1869 मध्ये सुएझचा कालवा उघडला आणि पोर्ट लुईकडे येणारी जहाजे कमी झाली. मळेवाल्यांना रोकड हवी झाली. मग 1880 च्या आसपास त्यांनी आपल्या हलक्या, दगडाळ, कडेच्या जमिनी तुकडे पाडून विकायला काढल्या. इतिहासकार याला मोठे मोर्सेलमां म्हणतात. 29 एप्रिल 1892 च्या वादळाने उरल्यासुरल्या मळ्यांचेही कंबरडे मोडले.

ही विक्री कशी होई, ते नीट समजून घेण्याजोगे आहे. पूर्ण रक्कम क्वचितच कुणाकडे असे. काही भाग आधी, बाकी काही वर्षांच्या हप्त्यांनी. हप्ते फिटेपर्यंत विकणाऱ्याचा जमिनीवर पहिला हक्क राही. हप्ते थकले तर जमीन परत जाण्याची भीती. विकत घेणाऱ्याने ऊस लावायचा तो बहुधा त्याच मळ्याच्या गिरणीला घालायचा. मध्यस्थी करायला सरदार, उसनवारी द्यायला सावकार आणि व्यापारी. फसवणूकही झाली. तरीही आपल्या लोकांनी जमीन घेतली. अर्धा आर्पां, एक आर्पां, दोन आर्पां.

ते हप्ते कशातून फिटले? घरातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलेले आठवून पाहा. बायकांच्या चांदीच्या बांगड्या आणि गोठ मोडले गेले. गाय ठेवली, दूध विकले. उसाच्या सरींमध्ये भाजी लावली. शेजारपाजारच्यांनी मिळून भिशी लावली, जिला येथे क्रिओलमध्ये सीत म्हणतात. म्हणजे जी जमीन घेतली तिनेच आपला हप्ता फेडायला मदत केली, आणि ती नाही पुरली तेव्हा घरातल्या सर्वांच्या हातांनी. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

बँक या कथेत फार उशिरा येते. मॉरिशस कमर्शियल बँक 1838 ची, पण ती मळ्यांची आणि बंदराच्या व्यापाराची. कुदळ मारणाऱ्याला तिच्या दारात कोण उभे करणार? 1909 च्या शाही आयोगानंतर 1913 मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. सभासद एकमेकांना जामीन राहत. एकाचे कर्ज बुडाले तर सर्वांच्या अंगावर येई, म्हणून कर्ज देण्यापूर्वी सगळे गाव त्या माणसाचा हिशेब पाही. 1936 मध्ये शेतीसाठी सरकारी बँक निघाली. 1964 मध्ये तीच विकास बँक झाली. या संस्थांनी आपल्याला खत, बी आणि गाडीबैल दिले. दुकानासाठी, तेही समुद्रकाठच्या दुकानासाठी, कर्ज मागायचे कुणाच्या मनातही नव्हते.

समुद्राची कड कुणाची?

याचे एक कारण साधे आहे. पश्चिमेचा किनारा कोरडा. तिथे उसाला पाणी नाही. रेताड जमीन, बाभळीची झुडपे, गुरे चारायला बरी, तामारिनला मिठागरे. पोट भरायला जमीन घेणारा माणूस वाळू कशाला घेईल? त्यातून हिवतापाच्या साथीनंतर ज्याला जमेल तो उंचावर, थंडीत सरकला. समुद्र म्हणजे मासेमारी, विसर्जन आणि सुटीचा एक दिवस.

दुसरे कारण कायद्याचे, आणि ते आजही लागू आहे. फ्रेंच गव्हर्नर दकां याच्या 1807 च्या हुकुमाने सबंध बेटाभोवती भरतीच्या रेषेपासून एक पट्टा सरकारचा म्हणून राखून ठेवला. याला पा जेओमेत्रीक म्हणतात. त्याची रुंदी 250 फ्रेंच फूट, आजच्या मापाने 81.21 मीटर. पुढे इंग्रजांनी 1895 मध्ये त्यासाठी कायदा केला. हा पट्टा कुणाला विकत घेता येत नाही. तो सरकारकडून भाडेपट्ट्याने मिळतो. श्रीमंत कुटुंबांनी फार पूर्वीपासून असे पट्टे घेऊन त्यावर कांपमां, म्हणजे समुद्रकाठचे बंगले, बांधले. पट्ट्याच्या मागची जमीन मोठ्या मळ्यांची. आपल्यापर्यंत विकायला आलेले तुकडे होते ते बहुतेक वरच्या अंगाचे.

म्हणून किनाऱ्यावर कुठलेही दुकान, गाळा वा उपाहारगृह घेताना पहिला प्रश्न भावाचा नसतो. ते रस्त्याच्या कुठल्या बाजूला आहे, हा असतो. मागच्या बाजूला असेल तर जमीन विकत मिळू शकते आणि मुलांना देता येते. समुद्राच्या बाजूला, पट्ट्यात असेल, तर तुम्ही काही वर्षे विकत घेता. 2007-08 च्या सुधारणेनंतर नवे पट्टे 60 वर्षांचे दिले गेले. साठ वर्षे पुष्कळ वाटतात. पण दुसऱ्याकडून तो हक्क विकत घेताना त्यांतली किती उलटली, दर काय, हस्तांतराला सरकारची परवानगी आहे का, हे पाहिलेच पाहिजे. पट्ट्याची वर्षे कमी होत जातात तसे बँकेचे कर्जही आखडते, कारण तिचे तारण वितळत असते. इमारत भक्कम दिसते. तिच्याखालची मुदत दिसत नाही.

वाळूला भाव आला

12 मार्च 1968 ला देश स्वतंत्र झाला. 1970 मध्ये येथे आलेले पर्यटक 27 हजारांच्या आसपास होते. 2018 मध्ये सुमारे 14 लाख. फ्लिक-आं-फ्लाकजवळ वोल्मारला ला पिरोग हॉटेल 1976 मध्ये सुरू झाले. हॉटेलांच्या मागोमाग रस्ता रुंदावला, दिवे आले, मागच्या जमिनींचे मोर्सेलमां पडले आणि जी जागा पूर्वी आर्पांने मोजत होते ती पेर्शने आणि मग तोआजने मोजू लागले. माप बारीक होत गेले की समजावे, भाव वाढला.

मग साखरेचीच पाळी आली. 2001 मध्ये गिरण्या आणि मळ्यांच्या कामगारांसाठी स्वेच्छानिवृत्ती योजना आली. रोख रकमेबरोबर सात पेर्श जमीन. युरोपीय संघाने 2006 नंतरच्या काही वर्षांत साखरेचा हमीभाव 36 टक्क्यांनी उतरवला. जे मळे शंभर-दीडशे वर्षे ऊस पिकवीत होते, ते आता जमिनीवर घरे, कार्यालये आणि बाजारसंकुले पिकवू लागले. परदेशी माणसाला येथे मालमत्ता घ्यायला 1975 च्या कायद्याने परवानगी लागते. 2002 च्या एकात्मिक रिसॉर्ट योजनेने त्यांच्यासाठी मोठे दार उघडले, तेव्हा कमीत कमी किंमत होती पाच लाख अमेरिकन डॉलर. 2007 च्या दुसऱ्या योजनेत एक आर्पांपासून पुढे जमीन असलेल्या लहान मालकालाही प्रवेश होता. 2015 मध्ये आणखी योजना आल्या. कास्कावेलला, जिथे आपल्या आजोबांनी ऊस तोडला, तिथे आज मोठे बाजारसंकुल उभे आहे.

एक आर्पां जमीन तर आपल्यातही काहींकडे होती. मग ती दारे आपल्याला का उघडली नाहीत?

अकरा सह्या

याचे उत्तर आम्हांला एका घरात मिळाले. नाव सांगत नाही, कारण अशी घरे एकाहून अधिक आहेत. पणजोबांनी हप्त्याने घेतलेली किनाऱ्याकडच्या वाटेवरची जमीन. त्यांच्या पश्चात वाटणी कधी झालीच नाही. येथे फ्रेंच दिवाणी संहिता चालते; तीत मुलगे-मुली सारख्या हिश्शाचे वारस. तीन पिढ्यांनी अकरा वारस झाले, दोघे फ्रान्सला, एक इंग्लंडला. कोकणात आजही एका सातबाऱ्यावर वीस-वीस नावे असतात, तीच गत. रस्त्यालगत चार दुकाने बांधावी असे एका नातवाच्या मनात आले. बँक म्हणाली, कागद आणा. नोतेर म्हणाला, अकरा सह्या आणा. नऊ मिळाल्या. दहावा रुसलेला होता. अकराव्याचा पत्ता नव्हता.

अविभक्त हिश्शावर बँक गहाण घेत नाही, घेतले तरी नाखुशीने. त्या संहितेचा दुसरा नियम असा की अविभक्त राहण्याची सक्ती कुणावर करता येत नाही. एका वारसाने मागणी केली तर वाटणी करावी लागते, आणि वाटणी होण्याजोगी नसेल तर विक्री. शेवटी तेच झाले. जमीन विकली, पैसे अकरा ठिकाणी गेले. कुणी लग्न केले, कुणी स्लॅब टाकला. ज्याने घेतली त्याने तिथे तीन मजले चढवले. त्या घरातली एक नात आज तिथल्याच एका दुकानात कामाला आहे. ती आम्हांला म्हणाली, "आमच्याच जमिनीवर उभी राहून मी पगार घेते." तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते अधिक लागले.

पणजोबांनी दुहेरी कपातीत वाचवलेल्या पैशांनी जे मिळवले, ते एका न झालेल्या वाटणीने गेले. यात कुणा परक्याने कपट केले नाही. 2009 ते 2011 मध्ये सत्य आणि न्याय आयोगाने गुलामगिरी आणि गिरमिट यांच्या परिणामांची चौकशी केली, तेव्हा जमिनी हातच्या गेल्याच्या पुष्कळ तक्रारी त्याच्यापुढे आल्या. दुसऱ्याने तीस वर्षे कब्जा दाखवून जमीन नावावर करून घेतल्याच्याही त्यांत होत्या. कागदाकडे लक्ष नसले की कब्जा सुटतो आणि कब्जा सुटला की कागदही जातो.

गाळ्याचा हिशेब

आता दुसरी बाजू. आज आपली मुले शिकली, नोकरीला लागली, बँक त्यांना घरी फोन करून कर्ज देते. किनाऱ्यावर बांधकाम सुरू होण्याआधीच गाळे विकले जातात. नकाशा पाहून घ्यायचे आणि बांधकामाच्या टप्प्यांनी पैसे भरायचे. आपल्या कायद्यात अशा विक्रीसाठी काम पूर्ण करण्याच्या हमीची तरतूद आहे. ती हमी कोणत्या बँकेने दिली, हे विचारल्याशिवाय सही करू नये.

एक कल्पित उदाहरण घेऊ. गाळा 60 लाख रुपयांचा. नोंदणी शुल्क 5 टक्के, म्हणजे 3 लाख. नोतेरची फी वेगळी. बँकेने 70 टक्के, म्हणजे 42 लाख, 15 वर्षांसाठी 6 टक्क्यांनी दिले. महिन्याचा हप्ता सुमारे 35,400 रुपये. भाडे धरा 30,000. वर्षाला 3 लाख 60 हजार, म्हणजे किमतीच्या 6 टक्के. ऐकायला बरे. पण दरमहा 5,400 रुपये पगारातून घालावे लागतात, तेही गाळा बारा महिने भाड्याने गेला तर. दोन महिने रिकामा राहिला की उत्पन्न 5 टक्क्यांवर येते, आणि त्यातून इमारतीच्या देखभालीचा हिस्सा, विमा, कर जायचेच आहेत.

आणि व्याज स्थिर नसते. एप्रिल 2020 मध्ये बँक ऑफ मॉरिशसचा मुख्य दर 1.85 टक्के होता. डिसेंबर 2022 मध्ये तो 4.50 टक्के झाला. ही 2.65 टक्क्यांची वाढ वरच्या कर्जावर पूर्ण लागू झाली, तर हप्ता 41,700 च्या घरात जातो. भाडे मात्र तेच. महिन्याची तूट जवळजवळ 12,000.

त्याच काळात काय झाले होते, ते आपण पाहिले. मार्च 2020 मध्ये सीमा बंद झाल्या. पूर्ण उघडल्या 1 ऑक्टोबर 2021 ला. 2019 मध्ये पावणेचौदा लाखांहून अधिक आलेले पर्यटक 2020 मध्ये सुमारे तीन लाखांवर आले, आणि तेही बहुतेक वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत. किनाऱ्यावरच्या दुकानांची शटरे महिनोन् महिने खाली होती. दक्षिणेकडे माहेबुर्गजवळ तर जुलै 2020 मध्ये वाकाशियो जहाज प्रवाळावर चढले, ऑगस्टमध्ये त्याचे तेल खाडीत पसरले, आणि बंद सीमांच्या जोडीला काळा किनारा आला. बँकांनी हप्त्यांना मुदत दिली हे खरे. पण मुदत म्हणजे माफी नव्हे. पुढे ढकललेल्या हप्त्यावर व्याज चढतच असते.

येथे पूर्वजांची ती गोष्ट आठवावी. त्यांनी हप्त्याने घेतलेल्या जमिनीत ऊस होता, भाजी होती, गाय होती. भाव पडला तरी घरातल्यांना खायला मिळे आणि राबायला जागा राही. रिकामा गाळा काहीच पिकवत नाही. त्याचे उत्पन्न हजारो मैलांवरच्या माणसाच्या सुटीवर अवलंबून असते. म्हणून तो घेऊ नये, असे आम्ही म्हणत नाही. मात्र त्याच्या पाठीशी निदान एक वर्षाचे हप्ते बाजूला नसतील, तर तो घेणे म्हणजे वादळाच्या महिन्यांत पत्रे न बांधता झोपणे होय.

जामीन राहणे

एक गोष्ट आम्हांला अवघड जाते, पण सांगतो. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकाने पुतण्याच्या किनाऱ्यावरच्या धंद्यासाठी आपले राहते घर तारण दिले. नात्यात नाही म्हणणे बरे दिसले नाही. धंदा दोन हंगाम चालला. तिसऱ्या वर्षी पत्रे येऊ लागली, ती काकांच्या नावाने. घर लिलावाच्या यादीत लागले. शेवटच्या महिन्यात भावंडांनी पैसे जमवून ते सोडवले, पण भावाभावांत बोलणे उरले नाही.

कर्ज थकले तर जप्ती होते आणि सर्वोच्च न्यायालयात जाहीर लिलाव होतो. अशा लिलावात घर बहुधा बाजारभावाला जात नाही. काही वेळा घर जाऊनही कर्ज उरते. या देशात अशा कुटुंबांनी रस्त्यावर येऊन दाद मागितली आहे. 2007 मध्ये कर्जदारांच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याखाली आयुक्त नेमला गेला. पण कायदा धावून येतो तोवर अर्धे घर मनातून पडलेले असते. सहकारी पतसंस्थेत आपले आजोबा एकमेकांना जामीन राहत होते हे खरे. फरक एवढाच की तिथे जामीन राहणारा कर्जदाराचे शेत रोज डोळ्यांनी पाहत असे, आणि त्याला सभेत उभे करून हिशेब विचारू शकत असे. आज काका पुतण्याचे वहीखाते पाहत नाहीत. फक्त सही करतात.

आता काय करावे

फार थोड्या गोष्टी, पण याच वर्षी करण्याजोग्या.

ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या नावावरची जमीन आहे, त्यांनी कोंत्रा कपाटातून काढून वाचावा. तो फ्रेंचमध्ये असेल. मुलांना वाचायला लावावा. मोजणीदाराकडून सीमा पाहून घ्याव्यात आणि नोतेरकडे वाटणी करून घ्यावी. वडीलधारी माणसे हयात आहेत तोवर हे सोपे असते. भावंडांना जमीन तोडायची नसेल तर कुटुंबाची एक सोसायटी करून जमीन तिच्या नावे करता येते. मग हिस्से प्रत्येकाचे, पण सही करायला नेमलेली एक-दोन माणसे. बँकेपुढे अकरा सह्यांचा प्रश्न उरत नाही.

रस्त्यालगतची जमीन विकण्यापूर्वी दीर्घ मुदतीने भाड्याने देण्याचा विचार करावा. ज्याला बांधायचे आहे तो बांधेल. मुदतीनंतर इमारतीचे काय, भाडे किती वर्षांनी वाढणार, हे लेखी असावे. विक्रीचे पैसे एका लग्नात संपतात. भाडे नातवाच्या शाळेपर्यंत पुरते.

गाळा घ्यायचा असेल तर राहते घर त्यात गुंतवू नये. रस्त्याची कुठली बाजू, मुदत किती, बोजा कुणाचा, हे गहाण नोंदणी कार्यालयातून तपासावे. समुद्र वाळू खातो आहे, हेही डोळ्यांनी दिसते. पाण्याच्या रेषेपासून 30 मीटर सोडून बांधण्याचा नियम उगीच नाही.

आणि आपल्या मंडळांनी, बैठकांनी वर्षातून एक दिवस यासाठी ठेवावा. हळदीकुंकू आणि झाकरी असते, तसा एक दिवस कागद वाचण्याचा. आपल्यातच आज नोतेर आहेत, वकील आहेत, बँकेत काम करणारी मुले आहेत. पूर्वी पतसंस्थेच्या सभेत जे काम गाव करी, ते पुन्हा करायला कुणाची परवानगी लागत नाही.

मोका येथे महात्मा गांधी संस्थेत गिरमिट्यांच्या नोंदी आणि छायाचित्रे जपून ठेवलेली आहेत. आपल्यापैकी कित्येकांनी तिथून आपल्या पूर्वजांचा उतारा आणून चौकटीत घालून भिंतीवर लावला आहे. त्यावर नाव, बापाचे नाव, गाव, वय, उंची आणि तो आकडा असतो. तो भिंतीवर असावाच. पण त्याच माणसाने पुढे हप्त्या-हप्त्याने मिळवलेला दुसरा कागद त्याच घरात कपाटाच्या तळाशी पिवळा पडत असतो, आणि त्याच्यावरची नावे मेलेल्या माणसांची असतात. पुढच्या चतुर्थीला समुद्रावर उतरण्यापूर्वी तो एकदा बाहेर काढावा, आणि त्यावर जिवंत माणसांची नावे चढवण्याचे काम सुरू करावे.